पावती कोणाच्या नावावर फाटते?

नमस्कार मंडळी, आज हवामान बदलावर बोलायचंय. पण बर्फ वितळतोय, समुद्र वर येतोय, हे सगळं तुम्ही शंभरदा ऐकलंय, ते आज नको. आज पैशाचं बोलू. म्हणजे वादळ येऊन गेलं, पूर ओसरला, टीव्हीवाले कॅमेरे आवरून निघून गेले, की मग पावती कोणाच्या नावावर फाटते ते.

मोझांबिकचंच बघा ना. मार्च २०१९ मधे इडाई चक्रीवादळ तिथल्या बेइरा शहरावर आदळलं, शेजारचे झिंबाब्वे, मलावी धरून हजाराहून जास्त माणसं गेली, उभी पिकं पाण्यात. महिन्याभरात आंतरराष्ट्रीय नाणेनिधी मदतीला आला, जवळपास १२ कोटी डॉलर दिले. दिले म्हणजे काय, तर उसने दिले! बिनव्याजी होते हे खरं, तेवढं सांगायलाच हवं, पण कर्ज ते कर्जच, फेडायचं मोझांबिकनेच. आता जगाच्या हवेत धूर सोडण्यात मोझांबिकचा वाटा किती, तर नगण्य. करून गेला गाव आणि दुसऱ्याचंच नाव, दुसरं काय.

पाकिस्तानात २०२२ च्या पुरात तेच. ३ कोटी ३० लाख लोकांना फटका, १७०० च्या वर मृत्यू आणि नुकसान सगळं मिळून ३० अब्ज डॉलरच्या घरात. जगाच्या उत्सर्जनात त्या देशाचा वाटा १ टक्क्याहून कमी. जानेवारी २०२३ ला जिनिव्हात परिषद भरली, ९ अब्जांच्या वर रक्कम जाहीर झाली, टाळ्या वाजल्या, आणि मग कळलं की त्यातला बराचसा पैसा कर्जच आहे.

आणि इथे एक चक्र सुरू होतं बरं का. वादळात रस्ते, पूल गेले, दुरुस्तीला कर्ज काढलं, कर्ज वाढलं म्हणून देशाची पत घसरली, पत घसरली म्हणून पुढचं कर्ज महाग, मग बंधारा बांधायला, निवारे उभारायला पैसाच उरत नाही आणि तेवढ्यात दुसरं वादळ दारात! यात कोणी उधळपट्टी केली म्हणून अडकलंय असंही नाही.

ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती असं म्हणाल तर तसंही नाही. वानुआतू नावाचा पॅसिफिकमधला इवलासा बेटांचा देश, त्याने १९९१ मधेच सांगितलं होतं की समुद्र वाढून आमचं जे नुकसान होईल त्यासाठी श्रीमंत देशांनी विम्यासारखा एक फंड उभा करावा. असा फंड काढायचं ठरलं कधी, तर २०२२ ला, इजिप्तमधे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत. ३१ वर्षांनी! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. वर्षभराने दुबईत त्यात पैसे जाहीर झाले, साधारण ७० कोटी डॉलर. एकट्या पाकिस्तानच्या एका पुराचं नुकसान याच्या चाळीसपट आहे, म्हणजे हिशोब तुम्हीच करा.

आकड्यांचे वायदे तर काय विचारू नका. २००९ ला कोपनहेगनच्या अशाच हवामान परिषदेत ठरलं की २०२० पर्यंत विकसनशील देशांना वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ, ते गाठले २०२२ मधे आणि त्यातही कर्जांचाच भरणा जास्त. नंतर २०२४ ला अझरबैजानमधल्या बाकूच्या परिषदेत नवा आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. गरीब देश मागत होते वर्षाला १३०० अब्ज. भारताच्या प्रतिनिधीने तिथेच उठून विरोध केला, पण तोवर अध्यक्षांचा हातोडा आपटून झाला होता, म्हणजे ठराव मंजूर.

आता कोणी म्हणेल, या देशांना पैसा देऊन उपयोग काय, मधल्यामधे खाऊन टाकतात. खातात, काही ठिकाणी खातात, नाही म्हणत नाही मी. पण मग बांगलादेशकडे बघा. १९७० च्या चक्रीवादळात तिथे किमान ३ लाख माणसं मेली. त्यानंतर सरकार आणि रेड क्रॉसने मिळून गावोगाव स्वयंसेवक तयार केले, भोंगे घेऊन, झेंडे लावून सूचना देणारे, जोडीला पक्के निवारे बांधले. २०२० ला अम्फान आलं तेव्हा बांगलादेशातले मृत्यू काही डझनांवर थांबले. नुसती वादळाची बातमी आधी पोचली आणि पळून जायला जागा होती, एवढ्याने.

आणि मला स्वतःला सगळ्यात पटलेली आयडिया बार्बाडोस या कॅरिबियन बेटाच्या पंतप्रधान मिया मोटली यांनी लावून धरलेली आहे. त्या म्हणतात कर्जाच्या करारातच लिहून ठेवा, मोठं वादळ आलं की काही काळ हप्ते बंद. माफी नाही हं, फक्त थांबायचं. शेजारच्या ग्रेनाडा या छोट्या देशाच्या कर्जातही असं कलम होतं. जुलै २०२४ ला बेरिल वादळ आलं, त्यांच्या कॅरियाकू बेटावरची बहुतेक घरं मोडली, आणि ग्रेनाडाने ते कलम काढून सावकारांपुढे ठेवलं. हप्ता पुढे ढकलला गेला आणि तो पैसा त्या महिन्यांत देशातच राहिला.