लियोंच्या न्याहारीची वाइन

नमस्कार श्रोतेहो. फ्रान्समधल्या लियों शहरातून ऱ्होन आणि सोन अशा दोन नद्या वाहतात. लियोंची माणसं गमतीनं तिसरीही मोजतात, बोजोले! ही नदी नव्हे, रेड वाइन आहे. शहराच्या उत्तरेला, याच नावाच्या प्रदेशातल्या टेकड्यांवर ती पिकते आणि लियोंच्या खानावळींत पाण्यासारखी वाहते.

ती गामे नावाच्या काळ्या द्राक्षाची. १३९५ साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप यानं या द्राक्षाला चक्क ‘बेइमान’ ठरवलं आणि वेली उपटायचा हुकूम काढला. पीक भरघोस, पण वाइन कडवट आणि हलक्या प्रतीची, ही त्याची तक्रार. त्याचा जीव पिनो न्वार या दुसऱ्या काळ्या द्राक्षावर. पुढे दक्षिणेकडे, बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या मातीत गामेनं चांगलंच मूळ धरलं. गामेच्या वाइनचा हलकेपणाच जेवणाच्या टेबलावर तिचा मोठा गुण आहे, असं मला वाटतं.

हा हलकेपणा बनवण्याच्या पद्धतीतूनही येतो. द्राक्षं कुस्करत नाहीत, घडच्या घड टाकीत भरतात. तळाची द्राक्षं वरच्या वजनानं फुटतात, आंबू लागतात आणि टाकी कार्बन डायऑक्साइडनं भरते. मग वरच्या अख्ख्या द्राक्षांच्या आत, साल शाबूत असतानाच, आंबण्याची क्रिया सुरू होते. रस सालींसोबत फार दिवस राहत नाही, म्हणून टॅनिन कमी उतरतं. टॅनिन म्हणजे खूप उकळलेल्या कोऱ्या चहानं जिभेला येतो तो तुरटपणा. तो कमी आणि आंबटपणा भरपूर, असा बोजोलेचा स्वभाव.

आता लियोंचं खाणं पाहा. तिथले रेशीम विणकर पहाटेपासून मागावर बसत आणि सकाळी नऊच्या सुमारास चांगलं भरपेट खात. या न्याहारीला म्हणतात माशों. त्यात रोझेत हे डुकराच्या मांसाचं वाळवलेलं सॉसेज, कुरकुरीत तळलेली चरबी, पाव चुरून लावून परतलेली वजडी, मसूर, ताजं चीज, आणि सोबत बोजोले. सकाळी नऊला! आपण पोह्यांवर भागवतो. इतक्या तेलकट, खारट खाण्यावर बोजोलेचा आंबटपणा तोंड स्वच्छ करतो आणि पुढचा घास मागतो. लियोंच्या सॅलडमध्ये परतलेले डुकराच्या मांसाचे तुकडे, अर्धकच्चं अंडं आणि व्हिनेगर असतं. अंडं आणि व्हिनेगर दोन्ही वाइनचे वैरी, जड टॅनिनवाली तिथे कडवट लागते. बोजोले निभावून नेते.

मात्र ती थोडी गार हवी, बारा ते चौदा अंश. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा. नागपूरच्या मे महिन्यात तो पाळलात तर ग्लासात नुसता अल्कोहोलचा वास येईल. बाटली दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा. आणि मटणाच्या तिखट रश्शासोबत रेड वाइनच घ्यायची असेल, तर अशीच कमी टॅनिनची बघा, कारण तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाची आग वाढवतात. तरी झणझणीत तांबड्या रश्श्यापुढे मी ग्लास बाजूलाच ठेवेन.

बोजोले नुव्हो तुम्ही ऐकली असेल. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येणारी, काही आठवड्यांचीच वाइन. केळ्याचा, गोळ्या-चॉकलेटांचा वास, भरपूर जाहिरात. मौज म्हणून ठीक. पण तिच्यावरून साऱ्या प्रदेशाला कमी लेखणं अन्याय आहे. बोजोलेच्या उत्तर भागात दहा मानाचे विभाग आहेत, तिथल्या वाइन लेबलवर आपल्या विभागाचंच नाव लावतात. फ्लरी सुगंधी, नाजूक, ती भाजलेल्या कोंबडीसोबत छान. मॉर्गों आणि मुलां-आ-व्हां भारदस्त, काही वर्षं ठेवली तर मुरतात आणि कधीकधी पिनो न्वारसारख्या लागू लागतात. वाइनमध्ये शिजवलेल्या कोंबडीसाठी, कॉक-ओ-व्हांसाठी, मी मॉर्गोंच उघडेन. थोडी पातेल्यात, बाकीची पानावर बसल्यावर. नमस्कार.