नाव विकायचंय : बेळगावच्या टेबलावरून डोमेनचा व्यापार

(दृश्य: बेळगाव रेल्वे स्टेशन, पहाट. फलकावरची इंग्रजी अक्षरं अगदी जवळून.)

या फलकावर इंग्रजीत आता बी-ई-एल-ए-जी-ए-व्ही-आय असं आहे. तिकिटावर छापला जाणारा कोड मात्र अजून बीजीएमच. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातल्या बारा शहरांची इंग्रजी नावं बदलली. त्यात बेळगाव होतं, विजापूर होतं, हुबळी होती, गुलबर्गाही होतं. पाट्या बदलल्या, बिलबुकं बदलली. टाइप करणाऱ्या बोटांची सवय इतक्या लवकर बदलत नाही. पुण्याला नोकरीला गेलेला इथला पोरगा कुंदा मागवायला बसतो, तेव्हा त्याची बोटं सवयीनं बी-ई-एल-जी-ए-यू-एम अशीच फिरतात. बंगळुरूचं गिऱ्हाईक नवं स्पेलिंग घालतं.

इंटरनेटवरची नावं, म्हणजे डोमेन, विकणाऱ्याचं खरं भांडवल इथं आहे. निपाणी एका 'पी'नं लिहितात आणि दोन 'पी'नंही. खानापूर म्हटलं तर बेळगाव जिल्ह्यातलं की सांगलीकडचं, हा प्रश्न उरतोच. कुठलं स्पेलिंग कोण वापरतं, हे परदेशातल्या व्यापाऱ्याला कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही. आपल्याला ते घरबसल्या माहीत असतं.

(दृश्य: टिळकवाडीतली एक खोली. लॅपटॉप, बाजूला रेघांची वही. वहीत चार रकाने: नाव, कुठं नोंदवलं, मुदत, किंमत.)

आधी एक गोष्ट पक्की करू. डोमेनची मालकी कायमची नसते. ते नाव आपण रजिस्ट्रारकडे, म्हणजे नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे, ठरावीक मुदतीसाठी नोंदवतो, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. डॉट कॉमची मूळ वही व्हेरिसाइन या अमेरिकी कंपनीकडे असते, डॉट इनची निक्सी या आपल्या देशातल्या संस्थेकडे. आपण जे विकतो, तो त्या वहीत आपलं नाव लागलेला हक्क.

विकायचं कुणाला? आपण फोन करून गिऱ्हाईक शोधावं, असं नवख्याला वाटतं. बहुतेक विक्री तशी होत नाही. एखादा माणूस नवा धंदा काढतो, रजिस्ट्रारच्या साइटवर जाऊन हवं ते नाव शोधतो आणि ते आधीच गेलेलं दिसतं. त्याच पानावर 'हे नाव इतक्या डॉलरला मिळेल' असं दिसलं, तर तो तिथल्या तिथं घेतो. त्या क्षणी आपलं नाव तिथं मांडलेलं असलं पाहिजे, किंमत लावलेली असली पाहिजे आणि नाव लगेच हातात देता आलं पाहिजे. आफ्टरनिक, सेडो यांसारखे ऑनलाइन बाजार हेच काम करतात. आपली यादी ते अनेक रजिस्ट्रारच्या शोधपानांवर पोहोचवतात आणि विक्री झाली की बाजार आणि योजना पाहून साधारण १० ते २५ टक्के कमिशन घेतात.

या धंद्याचं गणित वहीतच मांडून बघा. डॉट कॉमचं वर्षाचं नूतनीकरण रजिस्ट्रारप्रमाणे हजार ते दीड हजार रुपये. समजा पन्नास नावं आहेत आणि एकाला १,३०० रुपये पडतात. वर्षाला ६५,००० गेले. जाणकारांचा साधारण अनुभव असा की शंभर नावांमागे वर्षाला एखाददुसरं विकलं जातं. म्हणजे पन्नासात वर्षाला एक गेलं, तरी बरंच म्हणायचं. कमिशन २० टक्के धरलं, तर ते एक नाव ८१,२५० रुपयांना गेल्यावर कुठं नुसता खर्च भरून निघतो. व्हॉइस डॉट कॉम २०१९ मध्ये तीन कोटी डॉलरला विकलं गेलं, हे खरं आहे. ते वाचून दोनशे नावं घेऊन बसलेली माणसं दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचे आकडे बघून हादरतात. आमचं मत स्पष्ट आहे: वीस नावं घ्या, पण प्रत्येक नावापुढे ते कोण घेईल हे एका ओळीत लिहिता आलं पाहिजे. लिहिता येत नसेल, तर ते नाव सोडून द्या.

(दृश्य: खडेबाजारातली गर्दी. शहापूरच्या साडीचा पदर, मिठाईच्या दुकानातला कुंदा, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओतला जाणारा रस.)

अशी ओळ इथं सहज सापडते. मालाचं नाव आणि गावाचं नाव एकत्र आलं की घेणारा डोळ्यांपुढे उभा राहतो. उद्यमबागेतल्या कास्टिंगवाल्याला निर्यातीसाठी सुटसुटीत इंग्रजी नाव लागतं. खानापूरच्या कौलांना, निपाणीच्या गुळाला, शहापूरच्या साडीला गिऱ्हाईक बाहेरगावचं आहे. नाव दोन शब्दांचं असावं, मध्ये आडवी रेघ नको, आकडा नको. फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला बरोबर लिहिता आलं पाहिजे. ही परीक्षा घेतल्याशिवाय एकही नाव घेऊ नका.

काही नावांना हात लावायचा नाही. दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव, त्याचं चुकीचं स्पेलिंग, कुठल्याही सरकारी कार्यालयासारखं भासणारं नाव. एक खटला तर आपल्याच राज्यातून वर गेलेला आहे. सत्यम इन्फोवे कंपनीची 'सिफी' या शब्दाची डोमेन होती. दुसऱ्या कंपनीनं एक 'एफ' वाढवून तसंच नाव घेतलं. बंगळुरूच्या दिवाणी न्यायालयानं मनाई दिली, उच्च न्यायालयानं ती उठवली आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा लागू केली. डोमेनलाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं, हे तेव्हापासून आपल्याकडे ठरून गेलं. कोल्हापुरी चपलेचंही असंच जपून. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, बेळगावही आहे. अथणीचा कारागीर ते नाव हक्कानं लावतो. भलतीकडचा माल खपवणाऱ्याला असं नाव विकलंत, तर नोटीस तुमच्याही दारात येऊ शकते.

देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं. 'ळ'सकट बेळगाव असं नाव घेता येतं, ते पाहून आनंदही होतो. पण यंत्र ते आतमध्ये 'एक्स-एन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांत साठवतं. बऱ्याच बाजारांच्या यादीत ते तसंच ओबडधोबड दिसतं आणि घेणारा पुढे सरकतो. स्वतःसाठी एक जरूर ठेवा. विक्रीसाठी साठा करू नका.

(दृश्य: पडद्यावर बाजाराचं 'नाव जोडा' पान. बोट एका रिकाम्या चौकटीवर थांबतं.)

आता मांडणी. खातं उघडताना ओळखपत्र आणि बँक खात्यावर नाव अक्षर न अक्षर एकच हवं. अमेरिकी बाजार डब्ल्यू-८बेन हा कराचा फॉर्म मागतो. तो भरलेला नसेल तर विक्री होऊनही पैसे अडकून पडतात. सही केलेल्या वर्षानंतर तिसरं वर्ष संपलं की तो पुन्हा भरावा लागतो.

मग नाव तुमचंच आहे, हे सिद्ध करायचं. बाजार एक लांबलचक सांकेतिक ओळ देतो. नाव कुठल्या यंत्राकडे जातं हे सांगणाऱ्या नोंदी रजिस्ट्रारच्या डीएनएस पानावर असतात; तिथं ती टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराची, नोंद म्हणून घालायची. निम्मे लोक इथंच अडकतात. 'होस्ट' असं लिहिलेली चौकट असते. तिच्यात फक्त ॲट चिन्ह घालायचं. लोक तिथं पूर्ण डोमेन लिहितात, पान पाठीमागे तेच नाव आपोआप पुन्हा जोडतं आणि नोंद दुबार नावावर जाऊन बसते. बाजाराला ती कधीच दिसत नाही. दुसरी चूक याहून बारीक आहे. नेमसर्व्हर, म्हणजे नावाच्या या नोंदी सांभाळणारी यंत्रं, आधीच दुसरीकडे वळवलेले असतात आणि टीएक्सटी नोंद घातली जाते रजिस्ट्रारच्या पानावर. त्या पानाला तेव्हा कुणी विचारतच नाही. नेमसर्व्हर ज्याचे, नोंद त्याच्याकडे. सगळं बरोबर असेल तर बहुधा तासाभरात काम होतं, कधी एक-दोन दिवसही लागतात.

काही बाजारांत त्यांचे नेमसर्व्हर लावले की कमिशन कमी होतं आणि नाव टाइप करून येणाऱ्याला 'विक्रीस आहे' असं पान दिसतं. हे जरूर करा. फक्त त्या नावावर ईमेल चालू असेल, तर नेमसर्व्हर बदलताच ती बंद पडते, हे ध्यानात ठेवा.

किंमत कशी लावायची? दोन लाखांच्या आतल्या नावाला ठाम किंमत लावा. 'किंमत विचारा' असं लिहिलेलं पान पाहून छोटा दुकानदार बिचकतो, त्याला वाटतं आता लुटणार. मोठ्या नावाला बोली ठेवा, पण किमान बोलीचा आकडा भरा, नाहीतर वीस-वीस डॉलरच्या बोलींनी पेटी भरून जाते. एकच नाव दोन बाजारांत असेल तर किंमत दोन्हीकडे तीच ठेवा. घेणारा दोन्ही पानं बघतो आणि फरक दिसला की त्याचा विश्वास उडतो.

जलद बदलीची, म्हणजे विक्री होताच नाव आपोआप घेणाऱ्याकडे जाण्याची, सोय असेल तर ती चालू करा. रजिस्ट्रारकडून संमतीचं ईमेल येतं, त्यातल्या दुव्यावर होकार दिल्याशिवाय ती लागू होत नाही. ते ईमेल स्पॅममध्ये पडून राहतं आणि माणूस महिनोन्महिने समजतो की आपलं नाव सगळीकडे दिसतंय. डॉट इनला ही सोय सगळीकडे मिळत नाही, आधी तपासा. नुकतंच नोंदवलेलं डॉट कॉम नाव पहिले साठ दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. त्याच रजिस्ट्रारच्या आत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात मात्र बहुधा देता येतं.

(दृश्य: वहीतला 'मुदत' रकाना. एका तारखेभोवती लाल वर्तुळ.)

सगळ्यात जास्त नावं हातची जातात ती या रकान्यातून. कार्ड जोडलेलं आहे, आपोआप नूतनीकरण चालू आहे, म्हणून माणूस निर्धास्त असतो. पण १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून वारंवार होणाऱ्या वजावटीला आधी रीतसर मंजुरी नोंदवावी लागते. परदेशी रजिस्ट्रारकडे ती व्यवस्था नसली की आपल्या बँकेचं कार्ड पैसे नाकारतं आणि मुदत संपते. डॉट कॉमचं नाव त्यानंतर रजिस्ट्रारच्या धोरणाप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवस नेहमीच्या फीत परत नूतनीकरण करता येतं, पण या काळातच काही रजिस्ट्रार ते लिलावात काढतात. मग ३० दिवस दंड भरून सोडवण्याचे. मग ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि नाव मोकळं होतं. बाजारातली मांडणी मात्र तशीच राहते. गिऱ्हाईक पैसे भरतं आणि द्यायला आपल्याकडे नाव नसतं. म्हणून मुदतीच्या साठ दिवस आधी हातानं पैसे भरा आणि वहीत नवी तारीख लिहा.

आता फसवणूक. एक ईमेल येतं: 'तुमचं नाव आठ हजार डॉलरला घेतो, फक्त अमुक साइटवरून मूल्यांकनाचं प्रमाणपत्र आणा.' घेणारा आणि ती साइट, दोन्ही एकाच माणसाचं असतं. प्रमाणपत्राची फी गेली की घेणारा गायब. खरं गिऱ्हाईक कधी प्रमाणपत्र मागत नाही. दुसरा प्रकार: पैसे जमा झाल्याचं ईमेल बाजाराच्याच नावानं येतं, खाली दुवा असतो. त्या दुव्यावर कधी जाऊ नका. पत्ता स्वतः टाइप करून खात्यात शिरा आणि तिथं पैसे दिसले तरच पुढचं पाऊल टाका.

पैसे मध्यस्थाकडे जमा झाले की आपलं काम सुरू होतं. रजिस्ट्रारकडे नावाचं कुलूप उघडायचं, बदलीचा गुप्त कोड घ्यायचा आणि तो बाजाराच्या खात्यातच भरायचा, घेणाऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही. बदलीला पाच-सहा दिवस लागू शकतात. जुन्या रजिस्ट्रारनं लगेच होकार नोंदवला तर लवकर होते. रजिस्ट्रारच्या खात्याचं लॉगिन ईमेल विकल्या जाणाऱ्या नावावरचंच असेल, तर आधी ते बदला. नाव गेलं की तुम्ही स्वतःच्याच खात्याबाहेर पडाल.

गिऱ्हाईक जवळचंच निघालं, समजा गणपत गल्लीतला व्यापारी, तर त्याला डॉलरचं पान दाखवून उपयोग नाही. तो विचारणार, 'रुपयात सांगा की हो, किती द्यायचं?' त्याचं त्याच रजिस्ट्रारकडे खातं उघडून द्या, एनईएफटी किंवा आरटीजीएसनं पूर्ण रक्कम घ्या, खात्यावर जमा झालेली बघा, मगच नाव त्याच्या खात्यात ढकला. चेकवर नाव देऊ नका. चेक परत आला तरी नाव परत येत नाही.

परदेशातून रक्कम आली की बँक परकीय रकमेचा दाखला देते, तो मागून घ्या. आयकराला आणि जीएसटीला तो लागतो. ही मिळकत धंद्याची की भांडवली, हे तुमच्या सीएकडून त्याच वर्षी ठरवून घ्या.

(दृश्य: वही पुन्हा उघडलेली. पेन एका ओळीवर आडवं फिरतं.)

शेवटी ते नाव बाकीच्या सगळ्या बाजारांतून काढा. आजच काढा. दुसरीकडे ठाम किंमत लावलेली राहिली आणि तिथं कुणी विकत घेतलं, तर एकच नाव दोघांना विकल्यासारखं होतं आणि बाजार तुमचं खातं बंद करू शकतो. सेडोवरून काढलं, आफ्टरनिकवरून काढलं, विक्रीच्या पानाचे दुवे काढले. वहीत त्या ओळीवर काट मारायची, पुढे तारीख आणि हातात पडलेली रक्कम लिहायची.