मेंदूसाठी चालायचं, ते नेमकं कशासाठी?

मंडळी, एखादे आजोबा आधी शर्ट आणि त्यावर बनियन घालून खोलीबाहेर आले, की घरातले पहिल्यांदा हसतात. पुन्हा तसं झालं की चिडतात. नंतर ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून सोडून देतात. माझा आक्षेप या ‘चालायचंच’ला आहे. वय वाढलं की नावं चटकन आठवत नाहीत, चष्मा सापडत नाही, हे खरं. पण रोजच्या कामाचा क्रमच हरवणं, तोच प्रश्न पाच-पाच मिनिटांनी विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, याला नुसतं वय म्हणता येत नाही. अशा वेळी डॉक्टरांना दाखवाच. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य यांमुळेही माणूस असा वागू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत.

डिमेन्शिया म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळत जाणं. ही अनेक आजारांतून येणारी अवस्था आहे. त्यात ६० ते ७० टक्के वाटा अल्झायमरचा. १९०६ साली जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी आपल्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत पेशींबाहेर साचलेली पुटं आणि पेशींच्या आत पडलेला तंतूंचा गुंता यांचं वर्णन केलं. आज आपल्याला माहीत आहे, की ही साठवण लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू होते. म्हणजे सत्तरीत जो विसरायला लागतो, त्याच्या मेंदूतली गडबड पन्नाशीतच सुरू झालेली असते. म्हणून आज समोर बसलेल्या चाळिशीतल्या लोकांशी मला जास्त बोलायचं आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतली सुमारे २० टक्के तो एकटा खातो. ती पोचते रक्तातून. वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं खराब करत राहतात. नियमित व्यायामाने हे दोन्ही आटोक्यात राहायला मदत होते. माझ्या मते व्यायामाचा सगळ्यात भरवशाचा फायदा हाच. तो फारसा चमकदार वाटत नाही, म्हणून त्याबद्दल कमी बोललं जातं.

आता दुसरी बाजू. हिप्पोकॅम्पस हा आठवणी पक्क्या करणारा भाग, वयाबरोबर आक्रसतो. २०११ साली अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्मे लोक आठवड्यातून तीनदा भरभर चालले, उरलेल्यांनी ताण देण्याचे हलके व्यायाम केले. वर्षाअखेर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला होता, दुसऱ्या गटाचा थोडा घटला होता. प्रयोग लहान आहे आणि नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत असं दिसलेलं नाही, हेही सांगायलाच हवं. ब्रिटनमधल्या ७८ हजारांवर लोकांच्या पाहणीत दिवसाला ३,८०० पावलं चालणाऱ्यांतही डिमेन्शियाचं प्रमाण कमी आढळलं. मात्र ज्याचा मेंदू मुळात ठणठणीत तोच जास्त चालतो, असंही असू शकतं.

आणि आजार जडल्यावर? ब्रिटनमध्येच डिमेन्शिया झालेल्या ४९४ जणांवर चाचणी झाली, तिचा अहवाल २०१८मध्ये आला. व्यायाम करणाऱ्यांची शारीरिक ताकद वाढली, पण बुद्धीची घसरण थांबली नाही. म्हणून ‘व्यायाम करा, स्मृती परत येईल’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. रोज चालूनही डिमेन्शिया झालेली माणसं आहेत. त्यांचं कुठे चुकलं हे शोधत बसणं क्रूरपणाचं आहे.

किती व्यायाम? आठवड्याला किमान १५० मिनिटं, आणि बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. दोन दिवस स्नायूंच्या ताकदीसाठी. साठी ओलांडलेल्यांनी तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं हीसुद्धा चांगली सुरुवात आहे. हृदयविकार असेल किंवा चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. कमी ऐकू येत असेल तर कानही तपासून घ्या, कारण बहिरेपणाही या आजाराचा धोका वाढवतो.

शेवटी, डिमेन्शिया झालेल्या माणसाची काळजी घेणाऱ्यांविषयी. बहुतेक घरांत हे काम पत्नी, मुलगी किंवा सून करते, आणि तिचं स्वतःचं फिरणं सगळ्यात आधी बंद पडतं. घरात भाऊ असेल, मुलगा असेल, तर रोजचा तो अर्धा तास त्याच्या नावावर लावा. त्या वेळात रुग्णाजवळ तो बसेल, आणि ती फिरायला जाईल.