चेंडू हातात नसताना

आयोजकांनी मला दिलेल्या विषयात खेळ, लेखन आणि वाढते वय अशा तीन गोष्टी आहेत. पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेत मी बत्तीस वर्षे शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होते आणि त्यांतल्या बहुतेक संध्याकाळी बास्केटबॉलच्या सिमेंटच्या मैदानावर गेल्या. बावन्नाव्या वर्षी मी लिहू लागले. आणि आज मी अडुसष्ट वर्षांची आहे. या तिन्ही गोष्टींचा विचार करताना मला एक साधा भागाकार पुन्हा पुन्हा आठवतो. तोच आज आपल्यापुढे मांडते.

बास्केटबॉलचा सामना १० मिनिटांच्या चार भागांत, म्हणजे ४० मिनिटे चालतो. २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद मैदानावर दहा जणी असतात आणि चेंडू एक असतो. सारखी वाटणी केली, तर एका मुलीच्या वाट्याला चेंडू येतो चार मिनिटे. तो हवेत असतो तेवढा वेळ वजा केला तर त्याहूनही कमी. उरलेली छत्तीस मिनिटे तिचे हात रिकामे असतात. मैदानावर नव्याने येणारी प्रत्येक मुलगी त्या चार मिनिटांसाठी येते, बाहेर उभे असलेले तिचे आईवडील तीच चार मिनिटे पाहतात, आणि मान्य केले पाहिजे की पहिली पाच-सहा वर्षे मीही तेवढीच शिकवली. ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणे), लेअप (धावत येऊन उडी मारून जवळून चेंडू रिंगमध्ये टाकणे), फ्री थ्रो (कोणी न अडवता मिळणारी फेक), पुन्हा ड्रिबल. माझ्या मुलींचे हात चांगले तयार होत आणि आम्ही सामने हरत असू.

वास्तविक हा हिशेब खेळाच्या जन्मापासूनच त्यात आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकांनी हिवाळ्यात छताखाली खेळता यावे म्हणून पीच या फळाच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या आणि खेळाचे तेरा नियम लिहून काढले. त्यांतला एक नियम असा होता की, ज्याच्या हातात चेंडू आहे त्याने धावायचे नाही. जिथे झेलला तिथूनच तो फेकायचा. ड्रिबल नंतर आले. मूळ कल्पनेप्रमाणे चेंडू असलेला खेळाडू जागच्या जागी उभा राहतो आणि खेळ पुढे नेण्याचे काम चेंडू नसलेल्यांकडे असते. हा नियम मी पुस्तकात फार पूर्वी वाचला होता, परीक्षेत लिहिलाही होता. त्याचा अर्थ मात्र मला एका विद्यार्थिनीमुळे कळला.

तिचे नाव मी सांगणार नाही. तिची नेमबाजी सामान्य होती. स्कोअरशीटवर तिच्या नावापुढे दोन, फार तर चार गुण असत. एकदा तापामुळे ती सामन्याला आली नाही आणि आमचा संघ उसवल्यासारखा झाला. आमच्या सर्वांत चांगल्या नेमबाज मुलीला त्या दिवशी एकही शॉट मोकळेपणाने घेता आला नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आले की, ही मुलगी प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत नेमकी स्क्रीन होऊन उभी राहत असे, आणि तिच्या आडोशाने दुसरी मुलगी मोकळी होत असे. शॉट उडाला की सगळ्यांच्या नजरा रिंगकडे जात. ही मात्र आधी आपल्या पाठीने मागची खेळाडू कुठे आहे ते चाचपडून तिला अडवून धरी आणि मग वर पाही. रिबाउंड, म्हणजे रिंगला लागून परतलेला चेंडू, बहुधा दुसरीच घेई. तिच्या वडिलांनी मला एकदा विचारले होते, "बाई, हिला चेंडू देत नाहीत का मुली?" तेव्हा मला उत्तर देता आले नव्हते. त्यानंतरच्या सामन्याला मी त्यांना माझ्या मागच्या बाकावर बसवले आणि विनंती केली की, आज चेंडूकडे अजिबात पाहू नका, फक्त मुलीकडे पाहा. मध्यंतराला ते म्हणाले, "ही एक क्षण स्वस्थ नाही हो. सारखी कामात आहे." इतके अचूक परीक्षण मी नंतर क्वचितच ऐकले.

त्या वर्षापासून माझा सराव बदलला. आठवड्यातला एक दिवस आम्ही चेंडू कपाटातच ठेवत असू. नुसत्या जागा घेणे, वाट अडवणे, वाट मोकळी करणे आणि बोलणे. या बोलण्याविषयी मला थोडे सविस्तर सांगायचे आहे, कारण मुलींना शिकवताना माझा सर्वाधिक वेळ त्यावर गेला.

बचाव करताना पाचही जणींनी सतत बोलावे लागते. "स्क्रीन उजवीकडे", "ही माझी", "मागे बघ". जिला मागचे दिसत नाही तिला दुसरीच्या आवाजाने पाहायचे असते. आणि मुली बोलत नसत. नव्या मुलींना मी मैदानाच्या एका टोकाला उभे करून २८ मीटरवरच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असे स्वतःचे नाव उच्चारायला सांगत असे. कित्येकींना ते जमत नसे. शब्द ओठांपर्यंत येई आणि तिथेच विरे. एक मुलगी म्हणाली, "बाई, घरी मोठ्याने बोललं की रागावतात." सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी ज्या शहरात १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, त्याच शहरात दीडशे वर्षांनंतर चौदा वर्षांच्या मुलीला स्वतःचे नाव मोकळ्या हवेत मोठ्याने घेता येत नव्हते, याचे मला फार दुःख झाले. तो आवाज निघायला साधारण दीड महिना लागे. दुसरा अडथळा 'सॉरी' या शब्दाचा. शॉट चुकला की मुलगी थांबून सॉरी म्हणे, आणि तेवढ्यात समोरचा संघ फास्ट ब्रेक करून गुण घेई. खेळ चालू असताना तो शब्द मी बंद केला. चुकलीस ना, मग परत धाव; खेद सामन्यानंतर.

या संकोचालाही इतिहास आहे. अमेरिकेतील स्मिथ या मुलींच्या कॉलेजातील सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने १८९२ मध्ये हा खेळ मुलींना शिकवायला घेतला, तेव्हा मुलींना अतिश्रम सोसत नाहीत या त्या काळच्या समजुतीला धरून तिने मैदानाचे तीन भाग केले आणि कोणीही आपला भाग ओलांडायचा नाही असा नियम केला. मी तिला दोष देत नाही, कारण ती तडजोड केली नसती तर मुलींना बहुधा खेळूच दिले नसते. परंतु मुलीने आखून दिलेल्या भागात राहावे ही कल्पना फार चिवट निघाली. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ साली आला आणि स्त्रियांचा १९७६ साली. मधली चाळीस वर्षे त्या कल्पनेची आहेत.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. आमच्या संघात एक चपळ मुलगी होती. पहिल्या दोन भागांत ती वाऱ्यासारखी खेळे आणि तिसऱ्या भागात बचावाला परत येईनाशी होई. मी तिला सगळ्यांसमोर आळशी म्हटले, आणि एकदाच नव्हे, महिनाभर. एके दिवशी ती सरावात मटकन खाली बसली. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन आठ निघाले. ते किमान बारा असायला हवे. चाळीस मिनिटांतली छत्तीस मिनिटे महत्त्वाची असे तोंडाने सांगणारी मी, त्या मुलीच्या दिवसाच्या उरलेल्या बावीस तासांकडे पाहिलेच नव्हते. ती सकाळी नुसत्या चहावर शाळेत येत होती, पाळीचे चार दिवस कोणाला न सांगता पळत होती, आणि रात्री सगळ्यांचे झाल्यावर उरेल ते जेवत होती. मी तिच्या घरी जाऊन तिची आणि तिच्या आईची क्षमा मागितली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, भारतातल्या १५ ते १९ वर्षांच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला आहे. याचा अर्थ असा की, दहा मुलींचा संघ उभा केला तर त्यात पाच-सहा जणी अशा असू शकतात. त्या घटनेनंतर दर वर्षी जूनमध्ये सराव सुरू करण्यापूर्वी मी पालकांना सांगून रक्ताची तपासणी करवून घेत असे. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या, डब्यात चणे-शेंगदाणे-गूळ, पालेभाजीवर लिंबू, आणि जेवणाला लागून चहा नाही, कारण चहामुळे अन्नातले लोह अंगी कमी लागते. तिसऱ्या भागात पाय उचलत नाहीत त्याचे कारण पुष्कळदा मनात नसते, रक्तात असते.

लेखनाकडे मी याच घटनेमुळे वळले. जे मी पाहिले नव्हते ते पाहायची सवय लागावी म्हणून प्रत्येक सामन्यानंतर वहीत लिहायचे ठरवले. दोन वर्षांत चार वह्या भरल्या. एका दिवाळीच्या सुट्टीत त्या सलग वाचल्या आणि मी खिन्न झाले. पानापानावर 'मी टाइम-आउट घेतला', 'मी बचाव बदलला', 'मी तिला बसवले' असे लिहिले होते. मुली त्यात नावापुरत्या होत्या. खेळत असते तर माझ्यासारख्या खेळाडूला मीच बाहेर काढले असते, इतका वेळ मी चेंडू स्वतःकडे धरून ठेवला होता. मग एकेक सामना पुन्हा लिहायला घेतला. 'मी' काढायचा आणि त्या जागी काय दिसते ते पाहायचे. कोणाच्या बुटाचा तळ सुटला होता, कोणाची आई भिंतीपलीकडून डोकावून निघून गेली, हरल्यावर कोणी पाण्याची बाटली आधी दुसरीला दिली. आठवायला दिवस दिवस लागत. लेखणी हातात असे अर्धा तास. उरलेला सगळा वेळ भाजी चिरताना, बसच्या रांगेत, कपडे वाळत घालताना ते वाक्य मनात फिरत असे आणि तिथेच नीट होई. लिहिणाऱ्या तरुण मंडळींना मी म्हणूनच सांगते, की किती पाने झाली हे मोजण्यापेक्षा आज काय पाहिले ते स्वतःला विचारावे.

वयाविषयी मला कमी बोलायचे आहे, कारण त्यातले पुष्कळसे अजून घडतेच आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघ्याने लेअप करून दाखवणे बंद केले. मग नववीतल्या एका मुलीला पुढे बोलावून मी तोंडाने सांगत असे आणि ती करून दाखवी. आणि खरे तर मुलींना ते अधिक लवकर कळे, कारण त्यांच्याएवढ्याच उंचीचे शरीर त्यांना दिसत असे. पूर्वी पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी दम न घेता चढत असे. आता तीन ठिकाणी थांबते आणि तिन्ही ठिकाणांहून शहर वेगळे दिसते. हे सगळे मला जड गेले नाही. निवृत्ती मात्र जड गेली. माझीच एक विद्यार्थिनी आता त्या संघाची प्रशिक्षक आहे. सुरुवातीचे काही महिने मी रोज कडेला उभी राहून सूचना देत असे. एका संध्याकाळी मुली गेल्यावर ती माझ्याजवळ आली आणि अतिशय अदबीने म्हणाली, "बाई, मुलींना दोन आवाज ऐकू येतात. कुणाचं ऐकायचं ते त्यांना कळत नाही." मी आठवडाभर मैदानाकडे गेले नाही. तिचे बरोबर होते हे मला त्याच क्षणी कळले होते. ते पचायला आठवडा लागला. आठव्या दिवशी जाऊन मी तिला विचारले की, मी कोणते काम करू. तिने मला टेबलावर बसवले, स्कोअरशीट लिहायला.

स्कोअरशीटचे काम मला मनापासून आवडते. पहिल्या आणि तिसऱ्या भागाच्या नोंदी लाल शाईने, दुसऱ्या आणि चौथ्या भागाच्या निळ्या किंवा काळ्या. टेबलावरच्या माणसाने कोणाची बाजू घ्यायची नाही, टाळी वाजवायची नाही, सूचना द्यायची नाही. मुलीच्या नावापुढे फाऊल मांडायचा आणि तो कितवा आहे त्याचा फलक वर करून दाखवायचा.

गेल्या हिवाळ्यात एका सामन्याच्या चौथ्या भागात सहा मिनिटे उरली असताना आमच्या कर्णधार मुलीचा पाचवा फाऊल झाला. पाच झाले की खेळाडूला बाहेर जावे लागते, त्या सामन्यात पुन्हा येता येत नाही. पाच आकड्याचा फलक माझ्याच हाताने वर गेला. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, येऊन बाकावर बसली आणि टॉवेलमध्ये तोंड लपवले. अर्धे मिनिट गेले असेल. मग टॉवेल खाली आला आणि ती बसल्या जागेवरून ओरडू लागली, "स्क्रीन डावीकडे! मागे, मागे! ही तुझी!" आठवीत आली तेव्हा दुसऱ्या टोकापर्यंत स्वतःचे नाव पोचवायला तिला सर्वांत जास्त दिवस लागले होते, असे तिच्या प्रशिक्षकाने मला सांगितले होते. शेवटची शिट्टी होईपर्यंत ती थांबली नाही. आम्ही तीन गुणांनी हरलो. घरी आल्यावर मी ती सहा मिनिटे वहीत लिहून काढली. अर्धे पान झाले, आणि त्यात 'मी' हा शब्द एकदाच आला, फलक वर करण्यापुरता.