निळ्या पेटीची दुसरी पाळी

(दृश्य: अक्कलकोट रोड एमआयडीसी. यंत्रमागांचा खडखडाट. आवाज हळूहळू खाली येतो.)

बंद पडलेली गोष्ट पुन्हा सुरू होते, यावर सोलापूरकराचा चटकन विश्वास बसत नाही. त्याला कारण आहे. हे गाव एकेकाळी गिरणीच्या भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावरच जेवायला बसायचं. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. ‘आज ना उद्या सुरू होईल की’ म्हणत माणसं ओट्यावर बसली आणि तिथंच म्हातारी झाली. चादर टिकली, टॉवेल टिकला, पण तो लहान लहान शेडमधल्या यंत्रमागांवर. भोंगा काही परत आला नाही.

म्हणून ही गोष्ट सोलापुरात बसून सांगावीशी वाटते. एक इंग्रजी मालिका २६ वर्षं चालली, पंधराएक वर्षं बंद राहिली, आणि परतली ती अशी परतली की एका जुन्या कोळशाच्या बंदराला तिनं नवा धंदा दिला. मालिकेचं नाव डॉक्टर हू.

(दृश्य: पूर्व भागातली गल्ली. रात्र. माडीवरच्या खिडकीत लॅपटॉपचा उजेड.)

पूर्व भागातल्या या माडीवर शनिवारी रात्री चार-पाच जण जमतात. कुणी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, कुणी शिकवण्या घेते. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कन्नड आणि हिंदी. मालिकेतलं यान आपल्या प्रवाशांना विश्वातली कुठलीही भाषा आपोआप समजावून देतं. इथल्या मंडळींना त्याचं फारसं नवल वाटत नाही.

ज्यांनी ही मालिका पाहिलेलीच नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. नायक परग्रहावरचा. वय शेकड्यांनी मोजायचं, खरं नाव कुणाला ठाऊक नाही, सगळे त्याला नुसतं डॉक्टर म्हणतात. त्याच्या यानाचं नाव टार्डिस. बाहेरून ते लंडनच्या रस्त्यावरची पोलिसांना फोन करायची जुनी निळी पेटी दिसतं, आत शिरलात की संपता संपत नाही. त्यात बसून तो काळात मागेपुढे कुठेही जातो, सोबत बहुतेक वेळा पृथ्वीवरचं एखादं साधं माणूस घेऊन.

पहिला भाग लागला २३ नोव्हेंबर १९६३ला. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींची हत्या झाली होती. त्या शनिवारी लोकांचं लक्ष कुठे असणार? बीबीसीनं पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवला. म्हणजे या मालिकेला दुसरी संधी मागायची सवय जन्मापासूनची.

ती उभी केली कुणी, तेही बघा. कल्पनेमागचा मोठा साहेब सिडनी न्यूमन, कॅनडाहून आलेला. निर्माती व्हेरिटी लँबर्ट, जेमतेम २७ वर्षांची, तेव्हा बीबीसीच्या नाट्यविभागातली एकमेव महिला निर्माती. आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, वय २४, जन्म लखनौचा. पहिल्यांदा चित्रित केलेला भाग न्यूमनला पसंत पडला नाही, सगळा पुन्हा करायला लावला. ही तिघं बीबीसीतल्या तेव्हाच्या साहेबी गोतावळ्यात बाहेरचीच होती. ब्रिटनची सर्वांत ब्रिटिश म्हणवली जाणारी मालिका या अशा हातांतून निघाली, याची मला आजही गंमत वाटते.

(ध्वनी: शीर्षकसंगीताचा क्षणभर भास देणारा विजेचा घुमार. मूळ धून वापरू नये.)

त्या धुनेबद्दल चार वाक्यं जास्त बोलतो, कारण तिच्यावर अन्याय झालाय. स्वरलेखन रॉन ग्रेनर यांचं. पण कानावर पडतं ते घडवलं डेलिया डर्बिशायर यांनी. सिंथेसायझर हाताशी नव्हता. एकेक आवाज टेपवर घ्यायचा, त्याचा वेग कमीजास्त करून हवा तो सूर मिळवायचा, टेप ब्लेडनं कापायची आणि तुकड्याला तुकडा चिकटवायचा. ग्रेनर यांना त्या सहसंगीतकार म्हणून हव्या होत्या, बीबीसीच्या नियमात ते बसलं नाही. पडद्यावर त्यांचं नाव यायला २०१३ साल उजाडलं. तोवर त्या वारल्या होत्या.

डालेक नावाचे खलनायक मात्र पहिल्याच वर्षी गाजले. न्यूमननं बजावलं होतं, डोळे वटारलेले राक्षस दाखवायचे नाहीत. लँबर्टबाईंनी डिसेंबर १९६३मध्ये नेमके तसेच आणले: धातूच्या कवचात बसून किंचाळणारे, दिसेल त्याला संपवा म्हणणारे. लेखक टेरी नेशन, रूप दिलं रेमंड क्युसिक यांनी. पोरं सोफ्यामागे लपून बघायला लागली आणि मालिका तरली.

आता मुख्य खुबी. १९६६मध्ये पहिला डॉक्टर, विल्यम हार्टनेल, आजारपणामुळे काम पुढे नेऊ शकत नव्हता. निर्मात्यांनी कथेतच तोड काढली. डॉक्टरच्या जमातीचा माणूस मरायला टेकला की त्याचं शरीर नवं होतं. चेहरा वेगळा, स्वभाव वेगळा, आठवणी त्याच. हार्टनेलच्या जागी पॅट्रिक ट्राउटन उठून बसला.

माडीवर हे समजावताना एकदा फार मजा आली होती. घरातली अज्जी पाणी घेऊन आली, पडद्याकडे बघत थांबली आणि नातवाला म्हणाली, “ह्यो मघाचा न्हाई की रे.”

“तोच हाय अज्जी. तोंड बदललंय फक्त.”

“मग जुन्याचं काय झालं?”

या प्रश्नावर जगभरचे चाहते सहा दशकं भांडतायत.

(दृश्य: मागावर संपत आलेला बीम. नव्या बीमचे दोरे जोडणारी बोटं, अगदी जवळून.)

मागावर काम केलेल्या माणसाला मात्र हे फोड करून सांगावं लागत नाही. बीम, म्हणजे उभ्या दोऱ्यांचा गुंडाळलेला रूळ, संपत आला म्हणून कुणी माग मोकळा करून पहिल्यापासून मांडत नाही. जुन्या दोऱ्यांच्या टोकांना नव्या बीमचे दोरे एकेक करून जोडायचे, गाठी वहिफणीतून, म्हणजे दोरे वेगळे ठेवणाऱ्या चौकटींतून, सांभाळून ओढून घ्यायच्या, की नक्षी पुढे चालू. अट एकच. जुनी टोकं मागावर शिल्लक असली पाहिजेत.

आणि ती टोकं कापून टाकायला बीबीसी स्वतःच निघाली होती. तेव्हा व्हिडिओ टेप महाग. प्रक्षेपण झालं की पुसायची, पुन्हा वापरायची. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्मच्या प्रतीही अडगळ म्हणून फेकल्या गेल्या. साठच्या दशकातले कितीतरी भाग असे नाहीसे झाले. काही पुढे भलतीकडे सापडले. २०१३मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातल्या दूरचित्रवाणी केंद्रातून ९ हरवलेले भाग मिळाले. पण त्याहून मोठं काम घराघरांतल्या पोरांनी करून ठेवलं होतं. टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून त्यांनी नुसता आवाज मुद्रित केला होता. त्या हौसेमुळे आज हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज तरी शिल्लक आहे. संस्थेनं पुसलं, प्रेक्षकांनी राखलं. पुनरागमनाची सुरुवात मी इथून धरतो, २००५पासून धरत नाही.

बंद पडण्याची हकिगत लांबवण्यात अर्थ नाही. १९८५मध्ये वरिष्ठांनी मालिका दीड वर्ष थांबवली. परतली तेव्हा पैसा तोकडा होता. पुढे वेळ दिली तीही ब्रिटनच्या सर्वांत लोकप्रिय कौटुंबिक मालिकेसमोरची. प्रेक्षक गळाले, आणि गळाले म्हणून दोष मालिकेला. ६ डिसेंबर १९८९ला शेवटचा भाग लागला. बंद केली असं मात्र कुणी उघड म्हटलं नाही. पुढचं बघू, एवढंच. हा सरकारी सूर सोलापुरात ओळखीचा आहे.

पुढची वर्षं सगळ्यात रंजक, आणि पडद्यावर तर काहीच नाही. १९९१पासून कादंबऱ्या येऊ लागल्या, टीव्हीवर जिथे गोष्ट थांबली तिथून पुढे नेणाऱ्या. लिहिणारे बरेचसे चाहतेच. १९९६मध्ये अमेरिकन पैशातून एक टीव्ही चित्रपट झाला, पॉल मॅकगॅन डॉक्टर. ब्रिटनमध्ये पाहिला भरपूर लोकांनी, अमेरिकेत जमला नाही, विषय तिथंच संपला. १९९९पासून जुन्या नटांना घेऊन ध्वनिनाटकं सुरू झाली. यात शिकलेली माणसं बघा. पॉल कॉर्नेल, मार्क गॅटिस, रॉब शिअरमन, हे तिघं पुढे नव्या मालिकेचे लेखक झाले. आणि १९९६मध्ये यातलीच एक कादंबरी लिहिणारा वेल्समधला एक टीव्ही लेखक, रसेल टी. डेव्हिस.

आपल्याकडे १९९८ साली दूरदर्शनवर मिलिंद सोमणचा कॅप्टन व्योम आला होता. वर्गात दुसरा विषय नसायचा. तो गेला, आणि आम्ही त्याच्या आठवणी काढत राहिलो. वहीत त्याची पुढची गोष्ट लिहायला कुणी बसलं नाही. पैसा, तंत्रज्ञान वगैरे फरक आहेतच, पण मला हा फरक जास्त टोचतो.

(दृश्य: कार्डिफची गोदी, राखाडी पाणी. कापून लगेच सोलापुरातली धूर नसलेली चिमणी.)

सप्टेंबर २००३मध्ये जाहीर झालं, डॉक्टर परत येतोय. लिहिणार डेव्हिस, बनवणार बीबीसी वेल्स, कार्डिफमध्ये. शनिवारी संध्याकाळी अख्खं घर एकत्र बसून टीव्ही बघतं हे दिवस गेले, असं तेव्हा धंद्यातले जाणकार सांगत होते. २६ मार्च २००५ला पहिला भाग लागला आणि एक कोटीहून जास्त लोकांनी पाहिला. चार-पाच दिवसांत पुढचा हंगाम मंजूर. त्याच सुमारास बातमी आली की नवा डॉक्टर क्रिस्टोफर एकल्स्टन एका हंगामानंतर सोडतोय. परतून आठवडा झाला नाही तोच पुन्हा चेहरा बदलायची वेळ. दुसरी मालिका कोसळली असती. इथे बीम बदलायची रीतच होती.

डेव्हिसनं काय ठेवलं आणि काय टाकलं, यात त्याची खरी अक्कल दिसते. निळी पेटी ठेवली, धून ठेवली, डालेक ठेवले, पण डालेक पहिल्या भागात आणले नाहीत, सहाव्यापर्यंत थांबला. जुन्या २६ वर्षांचा इतिहास नव्या माणसाच्या डोक्यावर ओतला नाही. मधल्या काळात एक महायुद्ध झालं आणि डॉक्टरची सगळी जमात त्यात संपली, एवढं सांगून त्यानं पाटी अर्धी कोरी केली. आणि गोष्ट सुरू केली दुकानात काम करणाऱ्या एका साध्या मुलीपासून, रोझपासून. तिला आई आहे, मित्र आहे, सरकारी वसाहतीतलं घर आहे. पूर्वी सोबतीण यानात चढली की मागे घर उरायचं नाही. आता मुलगी न सांगता निघून गेली तर आई पोलिसांत जाते, भिंतींवर पत्रकं लावते. अंतराळ तेच, पण दार उघडल्यावर समोर स्वयंपाकघर. माडीवरच्या मंडळींना मालिका पटली ती इथे.

पुढचा डॉक्टर डेव्हिड टेनंट लहानपणी हीच मालिका बघून नट व्हायचं म्हणत असे. त्याच्यानंतरच्या एकानं, पीटर कपाल्डीनं, पंधरा वर्षांचा असताना मालिकेबद्दल साप्ताहिकाला पत्र धाडलं होतं, ते छापूनही आलं होतं. टोकं धरून बसलेली माणसं ती हीच.

कार्डिफचं बघा आता. एकेकाळी वेल्सचा कोळसा जगभर नेणारं बंदर. कोळसा गेला, गोदी ओस पडली. डॉक्टर हूच्या मागोमाग तिथे दुसऱ्या मालिका आल्या, सुतार, रंगारी, शिंपी, प्रकाशवाले यांना बारमाही काम आलं, आणि पुढे त्याच गोदीच्या आवारात बीबीसीनं मोठा स्टुडिओ उभारला. सोलापुरात असं होईल असं मी म्हणत नाही. पण गिरणीच्या जागेचं काय करायचं याची चर्चा इथे निघते तेव्हा ती जमिनीच्या भावापुढे जात नाही, हे खरं.

२०१७च्या नाताळच्या भागात डॉक्टर बाई झाली, जोडी व्हिटेकर. तिच्या पहिल्याच हंगामात एक कथा थेट ऑगस्ट १९४७च्या पंजाबात जाते, लेखक विनय पटेल. डॉक्टर तिथे फाळणी थांबवत नाही. शेतातून एक सरहद्द जाते आणि ती बघत उभी राहते. माडीवर त्या रात्री नेहमीची चेष्टामस्करी झाली नाही.

नंतर २०२३मध्ये, मधली वर्षं बाहेर राहिलेला डेव्हिस परतला, डिस्नीचा पैसा घेऊन. नवा डॉक्टर रवांडात जन्मलेला, स्कॉटलंडमध्ये वाढलेला न्कुटी गाटवा. दोन हंगाम झाले. ३१ मे २०२५च्या भागात त्याचा चेहरा बदलला आणि समोर आली बिली पायपर, म्हणजे २००५ची रोझ! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नी बाहेर पडल्याचं आणि २०२६च्या नाताळसाठी डेव्हिसच विशेष भाग लिहिणार असल्याचं बीबीसीनं जाहीर केलं.

यावर माडीवर दोन तट आहेत. हिशेब लिहिणारा म्हणतो, डेव्हिसनं एकदा तारली, पुन्हा तारेल. शिकवण्या घेणारी म्हणते, “तारणारा दर वेळी तोच कसा बे? २००५ला तो नवीन होता म्हणून जमलं.” मी तिच्या बाजूचा. रोझचा चेहरा परत आणणं ही जुन्यांना दिलेली खूण आहे, नव्यांना तिचं काही नाही. २००५मध्ये सात-आठ वर्षांची असलेली पोरं आज लिहित्या वयाची झाली आहेत. त्यातल्या कुणाच्या कपाटात डॉक्टरची पुढची गोष्ट पडलेली असणारच. नाताळचा भाग झाला की बीबीसीनं ती मागवून घ्यावी.