लॅगचा पंचनामा

(अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रमैत्रिणींनो, सुरुवात एका सोमवारपासून करतो. तारीख १३ ऑगस्ट २०१८. आपल्याकडे तो श्रावणातला पहिला सोमवार होता. अमेरिकेत त्या दिवशी अ‍ॅपलने डेव्हलपरांसाठी आयफोनच्या आयओएस १२ या सिस्टीमचा सातवा बीटा (चाचणीसाठीची कच्ची आवृत्ती) सोडला आणि काही तासांतच मागे घेतला. कारण एकच, लॅग: फोन अडखळत होते. आयकॉनवर बोट टेकवलं तरी अ‍ॅप उघडायचं नाव घेत नव्हतं. काही सेकंद पडदा ढिम्म, मग सगळं एकदम सुटायचं. दोन दिवसांनी आठवा बीटा आला, तेव्हा लोकांचा जीव भांड्यात पडला.

यातली गंमत अशी, की आयओएस १२ची सगळी जाहिरातच वेगाची होती. आदल्या डिसेंबरात अ‍ॅपलला कबूल करावं लागलं होतं, की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग आपण मुद्दाम आवरतो. लोक भडकले होते. त्या पार्श्वभूमीवर जूनच्या परिषदेत कंपनीचे सॉफ्टवेअरप्रमुख क्रेग फेडरिगी यांनी सांगितलं, की या वेळी जुन्या फोनांकडे लक्ष दिलंय. आकडे आयफोन ६ प्लसवरचे होते: अ‍ॅप ४० टक्क्यांपर्यंत लवकर उघडेल, कीबोर्ड ५० टक्क्यांपर्यंत, कॅमेरा ७० टक्क्यांपर्यंत. आणि त्याच व्हर्जनचा बीटा संथपणापायी परत घ्यावा लागला. वरात निघाली आणि घोडाच बसला!

हसलात, ठीक आहे. पण माझ्या मते ती घटना बीटाचं अपयश नव्हती, बीटा कामाला आला याचा दाखला होती. लॅग इतका ढोबळ होता, की काही तासांत सगळ्यांना दिसला. मला काळजी वाटते ती बारीक लॅगची.

अ‍ॅप क्रॅश झालं तर मागे पुरावा राहतो. कुठल्या थ्रेडमध्ये, कुठल्या फंक्शनपाशी कोसळलं, हे लॉगमध्ये, म्हणजे फोनच्या नोंदवहीत, लिहिलेलं असतं. लॅगचं तसं नाही. फोन अर्धा सेकंद थबकतो आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे चालू लागतो. तुम्ही बघायला जाता तोवर जागेवर काही नाही. साक्षीदार एकच, तुम्ही स्वतः. आणि तुमची जबानी काय? ‘फोन स्लो झालाय.’ एवढ्या जबानीवर कुठलाही इंजिनिअर केस उभी करू शकत नाही.

आता थोडं गणित. ६० हर्ट्‌झचा पडदा सेकंदाला ६० फ्रेम (स्थिर चित्रं) दाखवतो, म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला साधारण १६.६७ मिलिसेकंद येतात. १२० हर्ट्‌झवर ८.३३. स्पर्श ओळखणं, मांडणी ठरवणं, रंगवणं, सगळं त्यात बसवायचं. नाही बसलं तर आधीचीच फ्रेम पुन्हा दिसते. तुमच्यात ढोलपथकातले कोणी असतील, त्यांना हे लगेच समजेल. एक टोला चुकला की ऐकणाऱ्याला खटकतो, बाकीचे हजार टोले बरोबर पडले हे सांगून उपयोग नसतो. म्हणून सरासरी फसवी. समजा, दहा सेकंद स्क्रोल केलं. ६०० फ्रेम हव्या होत्या, त्यातल्या सलग १५ गळल्या. सरासरी निघते ५८.५. कागदावर झकास! प्रत्यक्षात पडदा पाव सेकंद गोठला होता. अ‍ॅपलच्या स्वतःच्या साधनांतही २५० मिलिसेकंदांपासून पुढच्या थबकण्याला हँग म्हणतात. तेव्हा ‘सरासरी किती?’ हे विचारू नका, ‘सगळ्यात वाईट फ्रेम किती वेळ खाऊन गेली?’ हे विचारा. अँड्रॉइडवाल्यांनी २०१२मध्ये जेली बीन या व्हर्जनच्या वेळी ‘प्रोजेक्ट बटर’ काढला, तो याच दुखण्यावर. रंगवण्याचं काम त्यांनी पडद्याच्या ठेक्याला बांधून घेतलं.

पण सगळा लॅग हा दोष नसतो, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. रात्री बीटा टाकतात, अकरा वाजता ‘भंगार आहे’ म्हणून निकाल देऊन मोकळे होतात. अहो, त्या रात्री फोनच्या घरात सामान लावणं चाललेलं असतं! आयफोन शोधासाठीची सूची नव्याने तयार करत असतो, फोटो तपासत असतो. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅपची वेगाने चालण्यासाठी करून ठेवलेली तयारी सिस्टीम बदलली की बऱ्याच अंशी बाद होते. लॉलीपॉप या नंतरच्या व्हर्जनच्या काळात अपडेटनंतर ‘इतक्यातली इतकी अ‍ॅप ऑप्टिमाइझ होत आहेत’ असं मोजत बसलेला पडदा आठवतोय का कोणाला? मागच्या रांगेतल्या सरांना आठवतोय. चहा पिऊन यावं तरी तो चाळिशीतच. २०१६च्या नूगापासून ती वाट बघणं संपलं, पण काम संपलं नाही. ते फोन चार्जिंगला लावून स्वस्थ ठेवला असताना, तुम्ही जास्त वापरता त्या भागांपासून होऊ लागलं. तोवर अ‍ॅप आपली जमेल तशी चालतात. त्यात फोनला पंखा नसतो. तापला की तो स्वतःच वेग उतरवतो, आणि सामान लावणं आणखी लांबतं. म्हणून दोनतीन रात्री चार्जिंगवर जाऊ द्या. त्यानंतरही जो लॅग उरला, तो तपासायचा.

शिवाय बीटा म्हणजे परांची न उतरवलेली इमारत. जादा नोंदी, जादा तपासण्या चालू असतात, आणि त्यांचा भार पडतोच. परांची उतरल्यावर घर कसं दिसेल हे आज ठरवता येत नाही, पण भिंत वाकडी असेल तर आजही दिसते.

मी स्वतः हे शहाणपण पैसे न देता शिकलो, शब्दशः. एकदा रोजच्या फोनवर बीटा टाकला आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेलो. क्यूआर स्कॅन करायला कॅमेरा उघडला तर पडदा काळा. मागे पाच माणसं, एक आजीबाई सारख्या घड्याळाकडे बघतायत. शेवटी वाणीच म्हणाला, ‘राहू द्या साहेब, उद्या द्या.’ घरी येऊन मी दोष नोंदवायला बसलो आणि काय लिहिलं? ‘कॅमेरा कधीकधी उशिरा उघडतो.’ म्हणजे तीच जबानी, जिला मी मघाशी नावं ठेवली.

मग पंचनामा करायचा कसा? मला पटलेली रीत सांगतो. दुसऱ्या फोनने स्लो मोशनमध्ये चित्रण करा. फोनचं स्वतःचं स्क्रीन रेकॉर्डिंग नको, त्याचाच भार पडतो. सेकंदाला २४० फ्रेमच्या चित्रणात प्रत्येक फ्रेम सुमारे ४.१७ मिलिसेकंदांची. बोट टेकल्यापासून पडदा हलेपर्यंत फ्रेम मोजा, तुमच्या हातात आकडा आला. तीच कृती पाच वेळा करा, पाचही आकडे लिहा, चांगले आलेलेसुद्धा. आणि लॅग दिसल्या दिसल्या नोंद पकडा. आयफोनवर आवाजाची दोन्ही बटणं आणि बाजूचं बटण एकत्र दाबून सोडलं, की सिसडायग्नोज, म्हणजे फोनच्या नोंदींचा गठ्ठा, तयार व्हायला लागतं. अँड्रॉइडमध्ये डेव्हलपर ऑप्शन्समध्ये सिस्टीम ट्रेसिंग आहे, कुठलं काम किती वेळ खातं हे टिपणारं. ते आधी चालू करून मग लॅग घडवून आणायचा. आठवड्याने सवडीने काढलेल्या लॉगमध्ये तो क्षण बहुधा पुसला गेलेला असतो.

हं, तिथून प्रश्न आलाय: ‘सर, रोजच्या फोनवर बीटा टाकावा का?’

नाही. आयफोनवर बीटात घेतलेला बॅकअप जुन्या व्हर्जनमध्ये भरता येत नाही, म्हणून आधीचा बॅकअप कॉम्प्युटरवर वेगळा जपून ठेवावा लागतो. गूगलच्या पिक्सेल फोनवर चालू बीटा मधूनच सोडला, तर फोन पुसला जातो. मी आता त्यासाठी वेगळा फोन ठेवलाय. काच तडकलेली आहे, सिम नाही. वाण्याकडे जाताना तो घरीच असतो.