तापाचा पत्ता

अध्यक्षमहाराज आणि सोलापूरकर मित्रहो, जाहीर केलेला विषय ‘प्रतिजैविकांचा विवेक’ असा आहे आणि तिथवर मी येणारच आहे. पण संसर्गजन्य रोगांचा डॉक्टर नेमके करतो काय, हे माझ्या मावशीलाही अजून उमगलेले नाही. हृदयवाल्याकडे हृदय असते, हाडवाल्याकडे हाडे; तुझ्याकडे काय, असे ती विचारते. माझ्याकडे चौकशा असतात.

ही खोड घरातली आहे. आजोबा इथल्या गिरणीत होते, आई विड्या वळत असे आणि शेजारची कोणी खोकली की आई आधी ‘कधीपासून’ आणि मग ‘कारखान्यात कुणाशेजारी बसतेस’ असे विचारी. क्षयरोगाच्या रुग्णाच्या सहवासातील माणसे तपासायची असतात, हे मला महाविद्यालयात फार उशिरा शिकवले गेले.

मोहोळ तालुक्यातले एक मामा दोन महिन्यांच्या तापाने माझ्याकडे आले. ताप संध्याकाळी चढे, रात्री सदरा घामाने भिजे, कंबर धरे; मध्ये चार दिवस बरे जात आणि पुन्हा तेच. सोबत पिशवीभर कागद होते, त्यांत तीन वेळा केलेली विडाल चाचणी आणि तिन्ही वेळा टायफॉइडचा शिक्का. ही चाचणी 1896 सालची. जुन्या संसर्गामुळे किंवा भलत्याच तापातही ती होकारार्थी येऊ शकते. पहिल्या भेटीत मीही मामांऐवजी कागदच वाचत बसलो, हे कबूल करतो. दुसऱ्या भेटीत विचारले, “मामा, घरी जनावरे?”

“शेळ्या हायत. यंदा तिघींनी गाभ टाकला.”

“वार, करडे कोण काढते?”

“मीच की.”

“आणि दूध?”

“धारोष्ण! ताकद येते, डॉक्टरसाहेब,” असे म्हणून त्यांनी माझ्या अंगकाठीकडे कीव केल्यासारखे पाहिले.

हा ब्रुसेला होता, म्हणजे शेळ्यांना गाभ टाकायला लावणारा आणि वारेतून किंवा कच्च्या दुधातून माणसात येणारा जंतू. ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूसला हा जंतू 1887 मध्ये माल्टात सापडला, पण तो शेळीतून येतो हे तिथल्याच डॉक्टर झामितने 1905 मध्ये दाखवले. तिथे शेळीपर्यंत पोहोचायला 18 वर्षे लागली, आपल्याला दोन महिने. म्हणजे प्रगतीच म्हणायची! रक्त संवर्धनासाठी, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखण्यासाठी, पाठवताना प्रयोगशाळेला आधी सावध केले, कारण हा जंतू तिथल्या कर्मचाऱ्यांनाही बाधतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ विषय भराभर सांगतो. सर्दीवर प्रतिजैविक मागू नका, ती विषाणूंमुळे होते. गंभीर तापात शक्य तेथे पहिल्या मात्रेपूर्वीच संवर्धनासाठी रक्त घ्यावे. मामांच्या बाबतीत ती वेळ केव्हाच टळली होती. त्यांना डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन सहा आठवडे दिले, कारण एकट्या औषधावर हा रोग उलटतो; पण रिफाम्पिसिन हे क्षयरोगाचे मुख्य अस्त्र असल्याने आधी मणक्याचा क्षय नाही याची खातरजमा केली, नाहीतर अर्धवट उपचाराने औषधांना दाद न देणारा क्षय पोसला असता. औषध दुकानदाराने काही प्रतिजैविकांची नोंद वहीत ठेवावी, असा नियम 2014 पासून आहे. ती वही कधीतरी मागून पाहा.

दुसरी चिठ्ठी आली. मामा ठणठणीत आहेत. मागच्या खेपेला तांब्याभर दूध घेऊन आले आणि तापवून आणल्याचे त्यांनी शपथेवर सांगितले. मी घरी नेऊन ते पुन्हा तापवले.